एकेक कार्ड की एकेक रकाना? संगणकाला माहिती कशी मांडून द्यायची



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिकच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला, आणि तेव्हापासून आपल्या पेण-रोह्याकडेही पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, आमच्या मुलाला क्लासमध्ये ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवतायत. म्हणजे एकदम पुढचं ना?" मी हो म्हणते, कारण ते शिकणं चांगलंच आहे. पण ती निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, आणि ती समजायला संगणक लागतच नाही. आपल्या शाळेचं कपाट उघडलं तरी पुरतं.

ही गोष्ट आपल्याला का महत्त्वाची, तेही आधीच सांगते. पावसाळ्यात रायगडला रेड अलर्ट येतो, रात्री उशिरा जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश ग्रुपवर पडतो, आणि सकाळी कुंडलिका किंवा अंबा कुठवर आली याची आपण चौकशी करतो. तळिये २०२१ च्या जुलैचं, इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैची. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली, विसरता न येणारी. डोंगर कधी सुटेल हे हवामानाचा अंदाज सांगत नाही. पण पाऊस किती आणि कुठे पडणार हे जितकं लवकर कळेल तितका माणसं हलवायला वेळ मिळतो. हा अंदाज संगणक काढतो, आणि तो किती वेळात काढतो हे बऱ्याच अंशी त्याला माहिती कोणत्या मांडणीत दिली आहे यावर ठरतं.

कपाटातले दोन कागद

एक आहे संचयी नोंदपत्रक. एका मुलाचं एक. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, उंची, वजन, गुण, आवडीनिवडी, आजारपण, सगळं त्या एकाच मुलाचं. दुसरा कागद म्हणजे वर्गाचा एकत्रित तक्ता. डावीकडे हजेरी क्रमांक, आणि पुढे रकाने: भाषा, गणित, परिसर अभ्यास, उंची, वजन.

आता दोन प्रश्न घ्या. पहिला: एक मुलगी चौथीतून दुसऱ्या शाळेत चालली आहे, तिची सगळी माहिती द्या. नोंदपत्रक काढलं की काम झालं. तक्त्यावरून ती द्यायची तर प्रत्येक रकान्यात तिची ओळ शोधत बसावं लागेल. दुसरा प्रश्न केंद्रावरून आलेला, अर्ध्या तासात हवा असलेला: वर्गाचं सरासरी वजन किती? नोंदपत्रकांवरून काढायचं तर चाळीस कार्डं उचला, प्रत्येकावर वजन कुठे लिहिलंय ते शोधा, आकडा टिपा, कार्ड परत ठेवा. तक्ता असेल तर वजनाच्या रकान्यावरून बोट खाली ओढत न्या आणि बेरीज करा. माहिती दोन्हीकडे तीच आहे. प्रश्न बदलला म्हणून सोयीचा कागद बदलला.

नोंदपत्रकाची पद्धत म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, आणि तक्त्याची पद्धत म्हणजे डेटा ओरिएंटेड. पुढे मी त्यांना सरळ कार्ड पद्धत आणि रकाना पद्धत म्हणणार आहे.

साचा आणि मूर्ती

कार्ड पद्धत पेणच्या मुलांना समजावून सांगायला एक मिनिट पुरतं. या पद्धतीत दोन शब्द आहेत, क्लास आणि ऑब्जेक्ट. क्लास म्हणजे साचा, आणि साच्यातून निघालेली एकेक मूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. प्रोग्राममध्ये 'विद्यार्थी' नावाचा एक साचा करायचा, त्यातून चाळीस विद्यार्थी काढायचे. प्रत्येकाकडे त्याची स्वतःची माहिती असते आणि त्या माहितीवर करायची कामंही त्याच्याजवळच असतात: वय सांग, हजेरी लाव, टक्केवारी काढ. बाहेरच्याने त्याच्या दप्तरात हात घालायचा नाही, त्यालाच विचारायचं.

ही कल्पना नॉर्वेची. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करून बघणं हा तिचा मूळ हेतू होता, त्यामुळे जगातल्या वस्तूंसारख्याच वस्तू प्रोग्राममध्येही असाव्यात हे ओघानेच आलं. पुढे बियार्ने स्त्रूस्त्रूप हा डॅनिश तरुण केंब्रिजला संशोधन करताना सिम्युला वापरत होता. विचार मांडायला ती त्याला फार आवडली, पण चालायला ती फार संथ होती. म्हणून १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्याने वेगवान सी भाषेला साच्यांची सोय जोडायला घेतली. तीच आजची सी प्लस प्लस. १९९५ मध्ये जावा आली आणि मग कॉलेजांपासून क्लासपर्यंत सगळीकडे हीच पद्धत शिकवली जाऊ लागली.

गंमत बघा. वेगाची तक्रार या पद्धतीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

संगणकाचा वेळ जातो कुठे?

आपली समजूत अशी असते की संगणकाला बेरीज-गुणाकार करायला वेळ लागतो. आजच्या संगणकात तसं क्वचितच होतं. वेळ जातो आकडे आणण्यात.

स्वयंपाकघर डोळ्यापुढे आणा. ओट्यावर मिसळणाचा डबा आहे, हात लांबवला की मोहरी मिळते. मागच्या फडताळात बरण्या आहेत, चार पावलं चालावं लागतं. आणि जे घरात नाहीच त्यासाठी वाण्याकडे जावं लागतं. संगणकाच्या मेंदूजवळ, म्हणजे प्रोसेसरजवळ, असाच एक छोटा मिसळणाचा डबा असतो. त्याला कॅश मेमरी म्हणतात (पैशांशी काही संबंध नाही). तिथला आकडा साधारण एका नॅनोसेकंदात हाती येतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. मुख्य मेमरी हे वाण्याचं दुकान, तिथून आणायला शंभराच्या आसपास नॅनोसेकंद लागतात. आपल्या मापात सांगायचं तर डब्यातून घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर दुकानातून यायला दीड मिनिटाहून जास्त. तोवर फोडणी जळते. प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो.

हे पूर्वी असं नव्हतं. १९८० च्या सुमारास प्रोसेसर आणि मेमरी यांचा वेग जवळपास बरोबरीचा होता. नंतर प्रोसेसर झपाट्याने पुढे गेला आणि मेमरी मागे रेंगाळली. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोन अमेरिकी संशोधकांनी या दरीला 'मेमरीची भिंत' असं नाव दिलं. म्हणजे कार्ड पद्धत रुजली तेव्हाची यंत्रं वेगळी होती, आणि ती सर्वत्र पसरली तोवर यंत्रं बदलली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. वाण्याकडे एकच लवंग मागितली तरी तो पुडीच देतो. संगणकही मेमरीतून एकटा आकडा आणत नाही, त्याच्या शेजारचं सगळं मिळून साधारण ६४ बाइटची पुडी आणतो. वजनाचा एक आकडा ४ बाइटचा धरला, तर एका पुडीत १६ आकडे मावतात. वजनं एकाखाली एक रकान्यात असतील तर एका खेपेत सोळा मुलांची वजनं आली. वजन जर प्रत्येकाच्या कार्डात असेल, तर त्या पुडीत एक वजन येतं आणि बाकी त्याच मुलाचा पत्ता, रक्तगट, आवडता खेळ. आत्ता त्याचा काही उपयोग नाही.

एक लाख मुलांचा हिशेब करू. कार्ड पद्धतीत एक लाख खेपा. रकाना पद्धतीत १,००,००० भागिले १६, म्हणजे ६,२५० खेपा. गणित चौथीचं आहे, फळ्यावर करून दाखवता येतं.

शिवाय रांगेचा आणखी एक फायदा. पंगत सरळ बसलेली असली की वाढप्याला पुढचं पान कुठे आहे ते विचारावं लागत नाही, तो वाढत पुढे सरकतो. आकडे ओळीने असले की प्रोसेसरही पुढची पुडी न मागता आधीच मागवून ठेवतो, आणि एकाच हुकमात आठ-आठ, सोळा-सोळा आकड्यांची बेरीज उरकतो. माणसं अंगणभर विखरून बसली तर हे जमत नाही.

'डेटा ओरिएंटेड' हे नाव गाजवलं व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी, २००९ च्या सुमारास. मुलांच्या हातातला गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हजारो वस्तू हलवायच्या असतात. तिथे खेपा परवडत नाहीत. २०१४ मध्ये इन्सोम्नियाक गेम्सच्या माइक अ‍ॅक्टन यांनी सी प्लस प्लसवाल्यांच्याच परिषदेत उभं राहून हा मुद्दा ठणकावून मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. मला विचाराल तर वाद नावाचा होता. काम जुनंच आहे, आणि ते पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

हमरापूर-जोह्याचा कारखाना

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत मे-जूनमध्ये एकदा मुलांना घेऊन जा. एक कारागीर एक मूर्ती हातात घेऊन ती साच्यातून काढण्यापासून डोळे आखण्यापर्यंत पूर्ण करतो, असं मोठ्या कारखान्यात दिसत नाही. आधी सगळ्या मूर्ती साच्यातून निघतात. मग घासकाम. मग ओळीने पांढरा हात. मग अंगाचा रंग, मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, तो एका हातात बारीक ब्रश घेऊन ओळीतून पुढे सरकतो आणि फक्त डोळे आखतो.

असं का, ते मुलांनाच विचारायला सांगा. एका मूर्तीचं सगळं करायचं तर दर पाच मिनिटांनी ब्रश धुवा, रंग बदला, आणि पहिला रंग वाळेपर्यंत थांबा. ओळीने केलं की ब्रश तोच, रंग तोच, हात तोच, आणि ओळीचं शेवटचं टोक येईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. रकाना पद्धत म्हणजे नेमकं हेच. काम स्थिर ठेवायचं आणि त्याच्यासमोरून माहिती सरकू द्यायची.

आणखी एक बारकावा लक्षात येतो. बसलेल्या मूर्ती एका फळीवर, उभ्या दुसऱ्या फळीवर. मिसळून ठेवल्या तर कारागिराला प्रत्येक वेळी 'ही कुठली' म्हणून थांबावं लागेल. प्रोग्राममध्ये 'जर-तर' आलं की प्रोसेसरही असाच अडखळतो. म्हणून चाळीस मुलांना एकेक करून 'हजर आहेस का?' विचारण्यापेक्षा हजर मुलांची यादीच वेगळी ठेवायची आणि सरळ तिच्यावरून जायचं.

आणि त्याच कारखान्यात खास ऑर्डरची एखादी मूर्ती असते, तिला एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात लावतो. तिथे कार्ड पद्धत. कारखानदार यावर वाद घालत नाही, काम बघून ठरवतो.

आपल्यावरचं आकाश

आता पावसाकडे येऊ. हवामानाचा अंदाज काढताना पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत वाटतात आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचतात. प्रत्येक डब्यातलं तापमान, बाष्प, वारा, दाब हे आकडे घेऊन काही मिनिटांनंतर ते किती होतील याचं गणित करायचं. मग त्यापुढच्या काही मिनिटांचं. असं करत पुढचे कित्येक दिवस गाठायचे.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का', ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. मे २०२५ मध्ये याच संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधीचा १२ किलोमीटरचा होता.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? पेण ते रोहा सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर. १२ च्या चौकोनात हे अंतर तीन घरांत संपायचं. ६ च्या चौकोनात पाच-सहा घरं मिळतात. रायगड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,१५० चौरस किलोमीटर, म्हणजे आधी जिल्ह्याच्या वाट्याला ५० घरं होती, आता २०० च्या आसपास. खाडीकाठच्या वाशी-वढावचा पाऊस आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस एक नसतो, हे आपल्याला सांगायला नको. ते वेगळेपण मांडायला घरं वेगळी हवीत.

पण घराची बाजू निम्मी केली की घरं चौपट होतात, आणि साधारणपणे वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. सगळ्या पृथ्वीचा हिशेब केला तर ६ किलोमीटरची १ कोटी ४० लाखांच्या आसपास घरं होतात. वर समजा १०० थर धरले, तर १४० कोटी डबे. आता प्रत्येक डबा म्हणजे एक कार्ड, आणि त्यात त्याचे पन्नास आकडे, अशी मांडणी केली तर? या कामात एक आकडा बहुधा ८ बाइटचा असतो, म्हणजे पुडीत आठ आकडे. तापमानाचं गणित चालू असताना प्रत्येक पुडीतला एक आकडा कामाचा, सात बिनकामाचे. ढोबळ हिशेब आहे, पण कल्पना येते: चौकोन लहान करण्यासाठी जी आठपट ताकद मिळवायची, तेवढीच चुकीच्या मांडणीत नुसत्या ने-आणीत वाया जाऊ शकते. आणि उद्याच्या पावसाचा अंदाज परवा तयार झाला तर त्याला अंदाज म्हणत नाहीत.

म्हणून हवामानाचे प्रोग्राम परंपरेने रकान्यांत लिहिले जातात: तापमानाची एक लांब ओळ, बाष्पाची दुसरी, वाऱ्याची तिसरी. भाषा बहुधा फोर्ट्रान, म्हणजे १९५७ सालची. क्लासवाले तिला म्हातारी म्हणून हसतील, पण आकड्यांच्या ओळी हाताळण्यात ती अजून पक्की आहे.

हे वळण जुन्या यंत्रांनी लावलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मान्सूनच्या अंदाजासाठी दिल्लीत अमेरिकेचा क्रे एक्स-एमपी महासंगणक आणला गेला. या घराण्यातली यंत्रं आकड्यांची अख्खी ओळ एकदम उचलून तिच्यावर एकच क्रिया करत. १९७६ च्या क्रे-१ मध्ये अशी ६४ आकड्यांची ओळ एका वेळी मावायची. आकडे ओळीत नसतील तर एवढं महागडं यंत्र घेऊन उपयोग शून्य. म्हणजे 'डेटा ओरिएंटेड' हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हवामानवाले तसेच लिहीत होते. (अमेरिकेने याहून मोठं यंत्र द्यायला नकार दिला, त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो एक वेगळा पाठ होईल.)

मग कार्ड फेकून द्यायची का?

मुळीच नाही. रकाना पद्धतीचा त्रास आपल्याइतका कोणाला माहीत आहे? एक मूल शाळा सोडून गेलं. नावाच्या रकान्यातून त्याची ओळ काढली, वजनाच्या रकान्यातून काढायची राहिली. आता त्याच्याखालच्या प्रत्येक मुलाला दुसऱ्याचं वजन चिकटलं. एक्सेलच्या तक्त्यात एक ओळ सरकली की काय होतं, ते प्रत्येक शाळेने कधी ना कधी बघितलं आहे. कार्ड पद्धतीत मुलाचं सगळं त्याच्याबरोबर जातं, अशी गल्लत होत नाही. वाचायलाही ती सोपी, कारण आपण माणसांचा विचार माणसागणिक करतो, रकान्यागणिक नाही. प्रवेश, दाखला, रेल्वेचं एक तिकीट, अशा एका वेळी एकाच्या कामांना तीच बरी. तिथे काही मायक्रोसेकंद वाचवून कोणाचंच भलं होणार नाही.

माझं मत विचाराल तर क्लासमध्ये मुलाला भाषा कोणती शिकवतात याने फार फरक पडत नाही. 'या माहितीला रोज कोणता प्रश्न विचारला जाणार आहे?' हे त्याला आधी विचारायला शिकवतात का, ते बघा.

वर्गात करून बघा

इयत्ता चौथी-पाचवीसाठी, एक तास. वीस मुलांची वीस कार्डं करा. प्रत्येकावर हजेरी क्रमांक, उंची, वजन, आवडती भाजी, घरातली माणसं. ही कार्डं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवा. ते टेबल म्हणजे मेमरी. वर्गात एक मूल फळ्यापाशी बेरीज करणार, तो प्रोसेसर. एक मूल धावणार. नियम एकच: एका खेपेत एकच कागद आणायचा, आणि तो परत ठेवल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही.

प्रश्न द्या: सगळ्यांच्या उंचीची बेरीज. वीस खेपा होतील आणि धावणारा घामाघूम होईल. बेरीज करणारं मूल मात्र प्रत्येक आकड्यानंतर खडू हातात धरून उभं राहील. तिकडे बाकीच्यांचं लक्ष मुद्दाम वेधा. मग हीच माहिती पट्ट्यांवर उतरवून घ्या: एका पट्टीवर दहा उंच्या ओळीने, दुसरीवर उरलेल्या दहा, तसंच वजनाचं आणि बाकीच्यांचं. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी दोन खेपा.

इथे कोणीतरी विचारतंच, "बाई, पण मग नावं कुठे गेली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पट्टीवर नाव नसतं, जागा असते. सातव्या क्रमांकाची उंची म्हणजे पट्टीवरचा सातवा आकडा. म्हणूनच एक आकडा गाळला की पुढचे सगळे चुकतात, तेही पट्टीतला एक आकडा कात्रीने कापून, तुकडे जोडून दाखवा.

शेवटी प्रश्न बदला: सात क्रमांकाच्या मुलीचा दाखला काढायचा आहे, तिची सगळी माहिती आणा. कार्डवाल्या गटाचं मूल एकदाच जाऊन येईल. पट्ट्यांवाल्याला उंचीसाठी एक, वजनासाठी एक, भाजीसाठी एक, घरातल्या माणसांसाठी एक अशा चार खेपा, आणि नावासाठी हजेरीपत्रक आणायला पाचवी.